आईच्या खाड्याला बदली कोण?

मुलाची फाईल उघडली की त्यात सगळं सापडतं. वजन, उंची, पहिली फिट कधी आली, बुद्ध्यांक किती, पहिलं पाऊल कितव्या महिन्यात टाकलं. आई रात्री किती तास झोपते, तिचं हिमोग्लोबिन किती, ती शेवटची एकटी घराबाहेर कधी पडली होती, यातलं काहीही त्या फाईलमध्ये नसतं. विचारणारंही कुणी भेटत नाही. भेटतात ते कौतुक करणारे. सिद्धेश्वरच्या देवळात गाठ पडलेली ओळखीची बाई म्हणते, "देवानं तुलाच निवडलं बघ, तुझ्यात ती ताकद आहे म्हणून." एवढं बोलून ती दर्शनाच्या रांगेत पुढं सरकते. आई तिथेच, मुलाचा हात घट्ट धरून.

हा लेख त्या आईसाठी आहे, आणि तिच्याइतकाच तिच्या घरातल्या माणसांसाठी. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. गिरणीत कामगाराचा खाडा पडला तर साचे बंद ठेवत नसत, दारात बदली कामगार उभे असत. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईला खाडा नाही, रजा नाही, आणि बदली तर नाहीच. माझं म्हणणं सरळ आहे. तिला धीर पुष्कळ देऊन झाला, आता बदली द्या.

दमवतं नेमकं काय?

"मूल असं आहे, म्हणून आई खचली" असा हिशेब आपण मांडतो. अभ्यास काही वेगळं सांगतात. जॉर्ज सिंगर या संशोधकाने २००६ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या आयांपैकी सुमारे २९ टक्के आयांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं होती. इतर आयांमध्ये १९ टक्के. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच आकड्यात हेही दिसतं की दहातल्या सात आया त्या खड्ड्यात नव्हत्या. मग कोण खचतं आणि कोण तगतं? अमेरिकेत ब्रूस बेकर, जॅन ब्लाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. आईवडिलांचा ताण मुलाच्या बौद्धिक पातळीपेक्षा त्याच्या वर्तनाच्या अडचणींशी जास्त जोडलेला निघाला. इंग्लंडमध्ये एरिक इमर्सन यांनी दाखवून दिलं की या आयांच्या मनःस्वास्थ्यात जी तफावत दिसते, तिचा बराच भाग गरिबी आणि ओढग्रस्तीच्या परिस्थितीतून येतो.

मला हे वाचून दिलासाच वाटतो. बुद्ध्यांक बदलता येत नाही. झोप, वर्तन, पैसा, एकटेपणा यांचं काही ना काही करता येतं.

आता हेच सोलापुरात आणून पाहू. समजा, घर कुंभारीजवळच्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत आहे, विडी कामगार बायकांच्या त्या दहा हजार घरांपैकी एक. रोजच्या हजार विड्या वळल्याशिवाय दिवस भरत नाही. मूल नऊ वर्षांचं, अजून शी-शू सांगत नाही, आईच्या मांडीवरचं सूप ओढतं, कापलेली पानं विस्कटतं. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला. सासू गुडघ्यांनी बेजार. अशा घरात सगळ्यात महागात पडणारं वाक्य कुठलं असेल तर ते "ती तर घरीच असते." घरी बसून काम करणाऱ्या बाईची मजुरी कुणाला दिसत नाही आणि मुलाची देखभाल तर काम म्हणून मोजलीच जात नाही. दोन पाळ्या एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच बाईच्या अंगावर. (जाता जाता: तंबाखू मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. जे मूल काहीही तोंडात घालतं त्याच्यासाठी ती विषच आहे.)

झोप

आईच्या तब्येतीचं पहिलं औषध झोप हे आहे. गोळीचा नंबर नंतर.

मूल रात्रभर जागतं, तर "ही मुलं तशीच असतात" म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा त्यामागे उपचार करता येण्यासारखं काहीतरी असतं: बद्धकोष्ठ, जंत, किडलेला दात, ठणकणारा कान, झोपेत येणाऱ्या फिट्स, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत झोपेत श्वास अडकणं. मुलाला दुखणं सांगता येत नाही, म्हणून ते रडतं, डोकं आपटतं, घरभर फिरतं. एक आठवडा वहीत लिहा: किती वाजता झोपलं, किती वेळा उठलं, किती वेळ जागं होतं, दुपारी किती झोपलं होतं. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. "झोपतच नाही हो" या तक्रारीपेक्षा या नोंदी डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतात. झोपेचं औषध मेडिकलमधून परस्पर आणू नका. फिटचं औषध चालू असेल तर मुळीच नाही.

कारण सापडो न सापडो, रात्र मात्र वाटून घ्या. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अर्धं गाव गच्चीवर झोपायला जातं. पळून जाणाऱ्या, कठड्यावर चढणाऱ्या मुलाला गच्चीवर नेता येत नाही, म्हणून आई खाली तापलेल्या खोलीत त्याच्याजवळ आणि बाकी घर वर गार वाऱ्यात, हे चित्र मी इतक्या घरांत पाहिलंय की आता चीड येते. वडिलांच्या सुट्टीच्या रात्री अदलाबदल करा. आई वर, वडील खाली. आठवड्यातून निदान दोन रात्री आईला कुणीही हाक मारणार नाही, हे घरात ठरवून टाका. शेजारी नणंद किंवा बहीण राहत असेल तर तिच्याकडे जाऊन झोपायलाही हरकत नाही. त्यात लाज कसली?

अंग

पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेणाऱ्या आईलाच पंधराव्या वर्षी त्याला न्हाणीत न्यावं लागतं. मूल वाढतं, आईची कंबर वाढत नाही. ज्यांना उचलावं लागतं अशा मुलांच्या आयांनी फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावं: कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून, मूल अंगाजवळ घेऊन उचलायचं, बिछान्यावर सरकवायला चादर वापरायची, आंघोळीला पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची, संडासला कमोडची खुर्ची. आणि जे मूल थोडं जरी स्वतः उठू शकतं, त्याला उचलायचं नाही. वेळ लागला तरी उठू द्यायचं.

दुसरं असं की मुलाला सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, नेता तेव्हा त्याच रांगेत स्वतःचाही केसपेपर काढा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड एवढं तपासून घ्या. थायरॉईड बिघडला किंवा रक्त कमी असलं तरी माणूस मरगळतो, रडवेला होतो, आणि ते सगळं "मुलाच्या काळजीनं" या खात्यावर मांडलं जातं. वेगळा दिवस काढायचा म्हटलं तर तो कधीच निघत नाही. म्हणून त्याच दिवशी.

हट्ट की निरोप?

ज्या मुलाला शब्द नाहीत, ते वागण्यातून बोलतं. ओरडण्याआधी काय झालं होतं, मग त्यानं काय केलं, त्यावर आपण काय दिलं, असे तीन रकाने वहीत आखा. काही दिवसांतच त्यातलं सूत्र दिसू लागतं. सोलापुरातलंच उदाहरण घ्या. पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरात नुसती धांदल: हंडे, बादल्या, पिंपं, मोटारीचा आवाज, रोजची नाश्त्याची वेळ चुकलेली, आईचा आवाज चढलेला. नेमक्या त्याच सकाळी मूल चावतं, कपडे फाडतं, आणि घरचे म्हणतात, "मुद्दाम करतंय." मुद्दाम नाही. त्याचा रोजचा क्रम मोडलाय आणि का मोडलाय हे त्याला कळत नाही. अशा दिवसाच्या आदल्या रात्रीच त्याच्या हाती त्याची छोटी बादली आणि तांब्या द्या, सकाळी एक पिंप भरायचं काम त्याचं. किंवा तेवढा तासभर शेजारच्या काकूंकडे. दोन्ही उपाय फुकटातले आहेत.

आणि शिकवायचं ते एका वेळी एकच. आधी शी-शू, मग चड्डी वर ओढणं, मग ताटातलं स्वतः खाणं. मूल एक काम शिकलं की आईच्या दिवसातला तेवढा वेळ कायमचा मोकळा झाला. शाळेतल्या विशेष शिक्षिकेकडे "घरी काय घ्यायचं ते लिहून द्या" असा आग्रह धरा. राज्यातल्या या शाळांसाठी 'दिशा' नावाचा अभ्यासक्रम आहे, त्यातलं मूल आत्ता कुठे आहे ते विचारा. आणखी सखोल तपासणी हवी असेल तर आपल्याला मुंबईपेक्षा सिकंदराबाद जवळ. तिथे बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या सक्षमीकरणासाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे, मनोविकासनगरात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांचे निम्मे पाहुणे तिकडेच, भाषेचीही अडचण नाही. लग्नाला जाताच, तर एक दिवस जास्त काढून मुलालाही दाखवून या.

"तुझ्या माहेरचं"

या वाक्यानं जेवढ्या आया आतून तुटतात तेवढ्या मुलाच्या आजारानं तुटत नसतील. ग्रहणात काही कापलं, बाळंतपणात काही खाल्लं, माहेरच्या घराण्यातच होतं, असं काहीबाही सासरी वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. डाऊन सिंड्रोम बहुतांश वेळा बीजपेशी तयार होताना पेशीविभाजनात झालेल्या चुकीमुळे होतो. त्यात आईनं काही केलेलं नसतं. ग्रहणाचा संबंध तर कशाशीच नाही. आपल्या भागात मामा-भाची, आत्या-मामाची मुलं अशी नात्यातली लग्नं खूप. नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरं. पण तसे आजार उतरायला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं, आणि लग्न ठरवणारे तर वडीलधारेच होते! दुसरं मूल होऊ द्यायचं असेल तर आनुवंशिक सल्ला जरूर घ्या, नवरा-बायको दोघांनी मिळून. दोष वाटायला नव्हे, पुढचं ठरवायला. आणि नवऱ्यानं एकदा, सगळ्यांच्या समोर, "यात हिचा काही दोष नाही" एवढं मोठ्यानं म्हणावं. बायकोच्या कानात सांगितलेलं इथे चालत नाही.

बदली कशी तयार करायची

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि सगळ्यात अवघडही. अवघड अशासाठी की पहिला विरोध बहुधा आईच करते. "माझ्याशिवाय तो जेवतच नाही." "त्यांना जमणार नाही, पँट ओली राहील." राहू द्या ओली. वडिलांनी भरवताना अर्धा भात सांडला तर सांडू द्या. आपल्यावाचून मुलाचं पान हलत नाही यात थोडा अभिमान असतो, हे मान्य करायला जड जातं, पण असतो. आई उद्या बाळंतपणासाठी, ऑपरेशनसाठी, माहेरी कुणी गेलं म्हणून चार दिवस घराबाहेर राहिली, तर दुसऱ्या कुणाच्याही हातून न जेवणाऱ्या मुलाचे हाल होतील. म्हणजे दुसऱ्या हाताची सवय मुलालाही हवी.

सुरुवात घरापासून. बदली माणसाला आधी सोबत बसून शिकवायचं. एक कागद लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवायचा: औषधं कोणती, किती वाजता, फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांवर गेली तर लगेच दवाखाना, भूक लागली की तो काय करतो, कशाला घाबरतो, कशानं शांत होतो. त्याखाली दोन फोन नंबर. मग पहिल्या खेपेला तास-दीड तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ. आणि आईनं घराबाहेर पडायचं. आत बसून भाकऱ्या थापल्या तर ती रजा नव्हे. मूल हाक मारणार आणि ती उठणार.

त्या वेळात करायचं काय? काहीही. तलावाच्या काठानं फेरी मारा, बहिणीकडे जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, नुसत्या बसून राहा. एकच पथ्य: या वेळेत तहसीलची कामं, रेशन, किराणा नको.

वडिलांबद्दल एक. "मदत करतो" हा शब्द त्यांनी सोडावा. एक काम पूर्ण त्यांचं असावं, रोजचं, आठवण करून न देता होणारं: संध्याकाळची आंघोळ म्हणा, शाळेची रिक्षा म्हणा, फिटच्या औषधांचा साठा संपण्याआधी आणणं म्हणा. मोठी मुलगी घरात असेल तर मात्र जपून. तिला अर्धी आई करून टाकू नका. तिची दहावी तिची आहे, तिच्या मैत्रिणी तिच्या आहेत. भावंडांनी खेळावं, थोडं सांभाळावं, पण बदलीची पाळी मोठ्या माणसांची.

घरात माणूसच नसेल तर? विशेष शाळेच्या फाटकाबाहेर बघा. मुलं सुटेपर्यंत कितीतरी आया तिथे सावलीला ताटकळत असतात, कारण परत जाऊन पुन्हा यायचं रिक्षाभाडं परवडत नाही. त्यांना एकमेकींची मुलं माहीत असतात, फिट माहीत असते, हट्ट माहीत असतो. पैशाची भिशी तुम्ही सगळ्या लावताच. इथे वेळेची लावा. चार आया, एक शनिवार दुपार, पाळीपाळीनं दोघींनी चारही मुलं सांभाळायची आणि दोघींनी सुटायचं. मुख्याध्यापकांनी एखादा वर्ग उघडून दिला तर सोन्याहून पिवळं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, भाषा कुठलीही असो. या आयांना एकमेकींचं लगेच कळतं. बाहेरच्या माणसाला अर्धा तास समजावून सांगावं लागतं ते तिथे नुसत्या "रात्री परत तसंच" एवढ्यात पोचतं.

सरकारी बाजूनं राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' ही योजना आहे. कुटुंबाला काही काळ विसावा मिळावा म्हणून मुलाची तात्पुरती निवासी सोय करण्यासाठी. आपल्या जवळ त्याखालचं केंद्र कुठे आहे याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे करा. कुणी विचारतच नसेल तर मागणी तरी कशी नोंदली जाणार?

लग्न-बारशाला जाणं बंद करू नका. अर्धा तास जा, जेवण आटोपलं की निघा, कुणाला कारण देत बसू नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला गर्दी चढण्याआधी जा, मुलाच्या मनगटाला फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा, आणि लोक बघतील तर बघू द्या.

कागदांचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घाला

मुद्दाम असं म्हणतोय. आईच्या वाट्याची कामं काढून घ्यायची तर पहिलं हे काढता येतं, कारण रांगेत उभं राहायला आईच लागत नाही. मामा, काका, शिकलेला पुतण्या, कुणीही चालेल. काय काय करायचं ते त्याला एकदा सांगा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे आधी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वही ५० टक्के धरलं जातं. म्हणजे "आमचं तसं फार नाही" म्हणून मागे राहू नका. याच कायद्यानं ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे तुम्ही निवडाल तिथे. मग 'निरामय' आरोग्य विमा: वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचाही खर्च बसतो, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून महिना अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. उत्पन्नाची अट आहे, अर्ज तहसीलला. एसटीत ७५ टक्के सवलत. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सोबत जाणाऱ्यालाही तेवढीच. रेल्वेचं विभागीय कार्यालय सोलापुरातच आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. जुन्या करप्रणालीत आयकर भरणाऱ्यांना ८०डीडी खाली ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे.

नोकरी करणाऱ्या आयांसाठी वेगळं. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर मुलाच्या वयाची अट नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात स्पष्ट केलं की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं घटनेला धरून नाही. तुमच्या आस्थापनेत कुठला नियम लागू आहे ते लेखी विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

मुलगी वयात येते तेव्हा

याबद्दल आया कुजबुजत विचारतात, म्हणून स्पष्टच लिहितो. पाळी यायच्या आधीपासून तयारी करा: कोरडं पॅड चड्डीला लावून सवय, लाल रंगाची ओळख, कॅलेंडरवर खूण, बदलायच्या वेळा ठरलेल्या. बऱ्याच मुली शिकतात. शाळेतल्या बाईंची मदत घ्या. "पिशवीच काढून टाकू" हा सल्ला नातेवाईक देतात, कधी दवाखान्यातूनही मिळतो. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली, तेव्हा देशभर गदारोळ उठला होता. पाळीच्या स्वच्छतेसाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया करणं योग्य नाही, आणि तिनं अत्याचारापासून संरक्षण तर मिळतच नाही. उलट झालेला अत्याचार लपतो. रक्तस्राव फारच होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे औषधांचे पर्याय आहेत. अंगाला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, "नको" कसं म्हणायचं, हे मात्र मुलगा-मुलगी दोघांनाही शिकवायला हवं, आणि आईला एकटीनं ते ओझं वाहायला लावू नये.

अंधार दाटतो तेव्हा

कंटाळा येतो, रडू येतं, मुलावर हात उचलला जातो आणि नंतर रात्रभर टोचणी. हे होतं. रोज होऊ लागलं तर तो इशारा समजा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, भूक-झोप गेली असेल, उठून केस विंचरायचाही कंटाळा येत असेल, तर तो थकवा नाही, उपचार असलेला आजार आहे. १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक, चोवीस तास, मराठीतही. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. गोळ्या चालू झाल्या म्हणजे आई वेडी ठरली, असं कुणी म्हणालं तर त्याच माणसाला मुलाजवळ एक रात्र बसवावं.

जयवंत दळवींनी 'नातीगोती'त मतिमंद मुलाच्या आईबापांची दमछाक रंगमंचावर आणली, त्याला आता तीन दशकं उलटून गेली. घरात मात्र आपण अजून ती बोलत नाही. "मी मेले तर याचं काय," हा विचार जवळजवळ प्रत्येक आईला येतो. "याला घेऊनच मरावं," हा विचार आला तर मात्र त्याच दिवशी कुणाला तरी सांगा: नवऱ्याला, बहिणीला, डॉक्टरांना, फोनवरच्या अनोळखी माणसाला. ऐकणाऱ्यानं रागवू नये, शपथा घालू नयेत, "असं कसं मनात येतं तुझ्या" म्हणू नये. तिला एकटं सोडू नये, मूल तेवढ्यापुरतं दुसऱ्यानं घ्यावं, घरातली कीटकनाशकं आणि जास्तीच्या गोळ्या हलवाव्यात, आणि दवाखान्यात तिच्यासोबत जावं.

"माझ्यानंतर"

या भीतीवर समजुतीच्या शब्दांपेक्षा कागद जास्त चालतो. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. बँक, पेन्शन, मालमत्ता सगळीकडे तो आदेश लागतो. अठरा पूर्ण झाली की लगेच अर्ज करा. पालक म्हणून आईवडिलांखेरीज पुढच्या पिढीतलं कोण असावं, ते त्या माणसाला विचारून, त्याच्या बायकोसमोर बोलून ठरवा. गृहीत धरू नका. नवरा-बायको दोघांनी इच्छापत्र करा आणि त्यात या मुलाचा हिस्सा कुणी, कशासाठी वापरायचा ते लिहा. सरकारी नोकरीत असाल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव दिव्यांग अपत्य म्हणून हयातीतच नोंदवून घ्या, नंतर फार फेऱ्या पडतात. आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या त्या कागदाची एक झेरॉक्स, मुलाचं प्रमाणपत्र आणि औषधांची ताजी चिठ्ठी असा एक संच घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा. औषध बदललं की तिथली चिठ्ठीही बदला.